सात नंबरचा पट्टा

१

पिशवीतून आधी माझी पँट निघाली, मग शर्ट, मग एक बूट, आणि तळाशी आमच्याच मोरीतला जुना टॉवेल.

पट्टा नव्हता. त्याच्या जागी तो टॉवेल कोंबलेला.

वकीलबाईंनी पिशवी उलटी करून झटकली. टेबलावर सुकलेल्या रंगाची भुकटी पडली, बाकी काही नाही. पंच म्हणून बोलावलेले शेजारचे शिंपीकाका चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. बायको दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"परवा रात्री होता ना?" वकीलबाई म्हणाल्या.

"सोमवारी संध्याकाळी मीच काढला आणि मीच परत ठेवला," बायको म्हणाली. "तुम्ही फोनवर म्हणालात, हात लावू नका, बुधवारी पंचासमोर उघडू. म्हणून नुसती गाठ मारून कपाटाखाली सरकवली."

"फोटो?"

"तुम्हीच म्हणालात हात लावू नका."

वकीलबाईंनी डोळे मिटले. चूक त्यांचीही होती आणि ते त्यांना कळलं होतं. हुशार माणसं मोठी चूक अशीच करतात, नियमाने.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. मी वेल्डर. कामावर मला ठिणगी म्हणायचे. आठ महिन्यांपूर्वी एका लोखंडी शेडच्या तुळईवर जोड मारत असताना खाली आलो. पाठीचा कणा मोडला, आतली दोरी चेपली. छातीखाली काही हलत नाही आणि काही कळतही नाही. कंपनीने लिहून दिलंय की मी उंचीवर बांधायचा सुरक्षेचा पट्टा घातलाच नव्हता, सबब कामगाराचा स्वतःचा निष्काळजीपणा. म्हणजे भरपाई नाही. भरपाई म्हणजे लॉटरी नव्हे. लघवीच्या नळ्या, हवेची गादी, रोज उचलायला माणूस, आणि हे सगळं मरेपर्यंत. ती नाही मिळाली तर मी एक-दोन वर्षांत एखाद्या जखमेने कुजून जाईन. हे मी रडत सांगत नाही, डॉक्टरने सांगितलेलं सांगतोय.

पट्टा मी घातला होता. कंपनीचाच, सात नंबरचा. दवाखान्यात तो कपड्यांसकट कात्रीने कापून काढला आणि सगळं एका पिशवीत भरून बायकोच्या हातात दिलं. तिला ती पिशवी उघडायची आठ महिने हिंमत झाली नाही. सोमवारी वकीलबाईंनी फोनवर विचारलं म्हणून उघडली.

शिंपीकाकांनी शर्ट उचलून उजेडात धरला. लोखंडाला लावायच्या तांबड्या रंगाचा डबा माझ्याबरोबरच पडला होता, त्याने शर्ट सगळा माखला होता.

"हा कुणी आखून रंगवलाय का?" काका पुटपुटले.

कुणी लक्ष दिलं नाही.

"सुनावणी शुक्रवारी आहे," वकीलबाई म्हणाल्या. "पट्ट्याशिवाय आपल्याकडे तुमचा शब्द आहे, आणि त्यांच्याकडे कंपनीचा कागद."

"दोन दिवस आहेत," मी म्हणालो. "चोर मी शोधतो."

"पलंगावरून?"

"पायाने कोण शोधतं, बाई?"

२

मंगळवारी घरात चार माणसं आली होती. मी बायकोला समोर बसवलं.

"पहिला कोण?"

"मुकादम. अकराला आला, अर्धा तास बसला. हात हलवत आला, हात हलवत गेला. मीच दारापर्यंत सोडलं."

"मग?"

"माझा भाऊ, पावणेबाराला. नेहमीसारखा. तुम्हाला खुर्चीत बसवलं, जेवला, दोनला पलंगावर टाकलं आणि खुर्ची घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला. घट्ट बनियनवर होता, त्यात रुमालही मावला नसता. चारला व्यायामाच्या बाई. पाचला तो विमावाला."

"विमावाल्याकडे काय होतं?"

"बॅग. ही एवढी."

तिने हात फाकून दाखवले. पट्टा काही खिशात घालून न्यायची चीज नाही. खांद्याचे दोन पट्टे, मांड्यांचे दोन, कमरेचा एक, लोखंडी कड्या, वर दोरीचा तुकडा. गुंडाळला तरी कोंबडीएवढा होतो.

मेहुणा मागे उभा होता. "त्यात विचार काय करायचा, दाजी? विमा कंपनीचाच माणूस. पट्टा सापडला तर पैसे त्यांनाच द्यावे लागणार. मी म्हणतो, आता कंपनीच्या तडजोडीच्या कागदावर सही करून टाका. देतायत तेवढे तरी पदरात पडतील. पट्टा गेला, केस गेली."

"तुझ्या तोंडाला कुलूप आहे का रे?" बायको म्हणाली.

"ताई, तुझे हात बघ. आठ महिन्यांत म्हातारी झालीस."

मी विमावाल्याला फोन लावला.

"चोरीचा आळ घेताय?" तो थंडपणे म्हणाला. "माझी नोकरी लोकांना पैसे नाकारायची आहे. त्यासाठी मला चोरी करावी लागत नाही, नियम पुरतात. शिवाय मी होतो तोवर तुम्ही माझ्याकडेच डोळे वटारून बघत होता. कपाट माझ्या मागे होतं."

माणूस हलकट होता, पण बोलला ते खरं होतं. पाच वाजता मी उजव्या कुशीवर होतो. उजव्या कुशीवर मला कपाट आणि दार दिसतं. डाव्या कुशीवर फक्त भिंत.

भिंतीचा मी अभ्यास केलेला आहे. मंगळवारी दहा ते बारा मी तिच्याकडे तोंड करून होतो. मागे मुकादम बसून उठून गेला. मग बाहेर बायकोने नळ सोडला. कुठेतरी चेन ओढल्याचा आवाज झाला. मग मेहुणा म्हणाला, "चला दाजी, जेवायला बसू."

आता मुकादमाला बोलवायचं होतं. पण गुरुवारी सकाळी तो बोलावल्याशिवायच दारात उभा राहिला.

३

"वकीलबाईंनी मला फोन केला," मुकादम म्हणाला. टोपी हातात घेऊन चुरगाळत होता. "ठिणगी, गड्या, मी नाही घेतला."

"परवा कशाला आला होतास?"

"बघायला."

"अर्धा तास माझ्या पाठीकडे बघत बसलास. एक शब्द बोलला नाहीस. शेवटी मलाच वाटलं, झोपलास की काय."

मी वाट पाहिली. बिछान्यातल्या माणसाला एक गोष्ट चांगली येते, वाट पाहणं.

"सांगायला आलो होतो," तो म्हणाला. "तू पडलास त्याच्या दुसऱ्या दिवशी साहेबाने सगळे जुने पट्टे जाळायला लावले. माझ्या हातांनी. नवे आले, त्याच आठवड्यात. तुळईला अडकवायचा तुझ्या दोरीचा आकडा वरच लटकत होता, दोरीच्या तुकड्यासकट. तोही त्यांनी काढून नेला."

"हे शुक्रवारी सांगशील?"

"मला दोन मुली आहेत."

"मलाही शरीर होतं."

तो उठला. दारापाशी थांबला. "एक सांगतो. परवा मी त्या स्टुलावर बसलो होतो ना, उठताना पाय कपाटाखालच्या पिशवीला लागला. आत कडी वाजली. खण्ण करून. तो आवाज मी ओळखतो, वीस वर्षं ऐकलाय. मला वाटलं, पट्टाच बोलला, बस खाली आणि सांग. मी पळालो."

तो गेल्यावर बायको म्हणाली, "नाटक करतोय."

"नाही. ज्याने चोरलं तो कशाला सांगेल की साडेअकराला माल जागेवर होता? तो तर म्हणेल, मी आलो तेव्हाच पिशवी हलकी वाटली."

म्हणजे साडेअकरापर्यंत पट्टा होता. त्यानंतर तीनच माणसं आली. एकाच्या अंगावर घट्ट बनियन, एकाकडे माझे डोळे लागलेले, आणि तिसरी व्यायामाची बाई, जिला मी जगलो तर पगार मिळतो.

पट्टा घराबाहेर गेलाच कसा?

४

गुरुवारी चारला व्यायामाच्या बाई आल्या आणि पाय उचलल्या उचलल्या ओरडल्या.

"हे काय आहे? हे कुणी केलं?"

"काय?" मी विचारलं. मला कुठून दिसणार, आणि कळणार तरी कुठून?

"उजव्या मांडीच्या मागे, वर. लाल डाग. दाबला तरी पांढरा होत नाही. ही जखमेची सुरुवात आहे. वही आणा."

आमच्या घरात एक वही आहे. तीत देव नाही, हिशेब नाही. तीत मी आहे. दर दोन तासांनी बायको माझी कूस बदलते, कातडी बघते आणि लिहिते. वेळ, बाजू, कातडी. आठ महिन्यांत एक नोंद चुकलेली नाही. मी कुठल्या वेळी कुठे तोंड करून होतो, हे ती वही कोर्टापेक्षा चांगलं सांगेल.

बायकोने मंगळवार वाचला. "बारा वाजता, कातडी ठीक, खुर्चीत बसवले. दोन वाजता, पलंगावर घेतले, उजव्या मांडीला लाल डाग." तिचा आवाज बारीक झाला. "मला वाटलं, नळीचा चाप टोचला. तेव्हापासून त्या बाजूवर कमी ठेवते."

"चापाचा असा उमटत नाही," बाई म्हणाल्या. "याची एक बाजू सरळ आहे, एक गोल. आणि खुर्चीच्या गादीवर बसून असं होऊच शकत नाही, त्यासाठीच तर ती एवढी महागाची गादी घेतलीत. हो, आणि ती मंगळवारी कुठे होती? मी पायाखाली घ्यायला मागितली, तर नव्हती. शेवटी उशीवर काम भागवलं."

"खुर्चीबरोबर गेली होती," बायको म्हणाली. "पंक्चर काढायला."

"गादीचं पंक्चर?"

मी हसायला लागलो. आठ महिन्यांत असं हसलो नव्हतो. बायको घाबरली.

"अगं, कागद आण. बाई, त्या डागाचा आकार काढा. आहे तेवढाच."

बाईंनी पेनने काढला. एक बाजू सरळ, एक बाजू गोल. दोन बोटं रुंद. पंधरा वर्षं मी तसली कडी रोज पाठीवर बांधली होती. पट्ट्याच्या मागे, जिथे दोरी अडकवतात, तिथली कडी.

पट्टा घराबाहेर कसा गेला, ते मला कळलं. चोरीचा माल दोन तास मीच सांभाळला होता. माझ्याच ढुंगणाखाली.

५

मेहुणा सहाला आला. बायकोला मी म्हटलं, दार लाव.

"खुर्ची पंक्चरला नेताना तू गादीचं काय करतोस?" मी विचारलं.

"पलंगावर काढून ठेवतो. तिथे ऑइलचे हात लागतात."

"आठ महिन्यांत चारदा नेलीस. चारही वेळा काढून ठेवलीस. मंगळवारी का नाही?"

"विसरलो असेन."

"विसरलास. ठीक. मंगळवारी पावणेबाराला तू आलास तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून होतो. तुझी ताई नळावर. मागे चेन वाजली. या पिशवीला चेन नाही, गाठ आहे. तुझ्या बनियनला चेन नाही. या खोलीत चेन एकाच वस्तूला आहे, त्या गादीच्या खोळीला. बाराला माझी कातडी ठीक होती. दोनला तिच्यावर कडी उमटली. विमावाला पाचला आला, बाई चारला आल्या. त्यांच्या आधीच पट्टा माझ्याखाली होता. मुकादम तर साडेअकराला गेला, आणि त्याने कडी पिशवीत वाजलेली ऐकली. उरलं कोण?"

मी कागद त्याच्यासमोर टाकला. त्याने तो उचलला नाही.

बायको त्याच्याकडे बघत होती. ती आरडाओरडा करेल असं मला वाटलं. तिने फक्त विचारलं, "का?"

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "केस दहा वर्षं चालेल, ताई. सोमवारी पट्टा निघाला हे कळल्यावर कंपनीचे लोक म्हणाले, पट्टा आणून दे, तुला कायमची नोकरी देतो, आणि तडजोडीचे पैसे महिन्याभरात. मी नोकरीला लागलो असतो, तुला हातभार लावला असता. दाजी हट्टी आहेत. त्यांचा हट्ट तू उपसतेस."

"दिलास त्यांना?" मी विचारलं.

"नाही. आधी नोकरीचं पत्र, मग पट्टा, असं सांगितलंय. उद्या सकाळी देणार आहेत. माझ्या खोलीवर आहे."

"अगदीच गाढव नाहीस. आता एक सांग. तू मला रोज उचलतोस. बसवण्याआधी गादीवरून हात फिरवायचा, सुरकुतीसुद्धा राहू द्यायची नाही, हे तुला दवाखान्यात शिकवलंय. तरी मला कडीवर बसवलंस."

"दोनच तास होते, दाजी." तो अगदी हळू बोलला. "तुम्हाला दुखणार नव्हतं."

"दुखत नाही म्हणूनच आमच्यासारखे मरतात, गाढवा," मी म्हणालो. "दुखणं म्हणजे घराचा राखणदार. माझा राखणदार गेला, त्याच्या जागी मी तुला ठेवलं होतं."

तो रडायला लागला. मला त्याच्या रडण्याचा उपयोग नव्हता.

"पोलिसात मी जाणार नाही. वकीलबाई शुक्रवारी अकराला उभ्या राहतील. पट्टा तू आणायचास, अधिकाऱ्यासमोर तुझ्या हाताने ठेवायचास, आणि कुठे होता ते तुझ्या तोंडाने सांगायचंस. नाही आणलास तरी मी लढणार. फक्त मग तू माझा कुणी नाहीस, आणि हिचाही नाहीस."

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली.

तो गेला.

६

भरपाईच्या अधिकाऱ्याचं दालन दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हातपाय मोडलेल्या माणसांचे निकाल जिथे लागतात, तिथे लिफ्ट नाही. हे ज्याने बांधलं त्याला एकदा भेटायचं आहे.

शिपाई म्हणाला, "चार माणसं बोलावू? उचलून नेतात वर."

"मी पोतं नाही."

"मग गैरहजर लिहितील."

"साहेबांना सांग, अर्जदार इमारतीत हजर आहे. जिन्यापाशी. साहेबांचे दोन्ही पाय चालतात असं ऐकलंय."

वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तेच शब्द कागदावर लिहून सही ठोकली आणि वर पाठवले. शेवटचं वाक्य त्यांनी गाळलं असावं.

पाऊण तासाने साहेब खाली आले. मागून टेबल आलं, टायपिस्ट आली, खुर्च्या आल्या. जिन्याखाली झाडू-बादल्या बाजूला सारून कोर्ट भरलं. कंपनीचा वकील नाकाला रुमाल लावून बसला.

अकरा वाजून गेले होते. मेहुणा नव्हता. मुकादमही नव्हता. त्याला मी माफ केलं नाही, पण त्याचं नावही घेतलं नाही.

"अर्जदाराने पट्टा घातला नव्हता," कंपनीचा वकील म्हणाला. "विषय संपला."

"शिंपीकाका," मी म्हणालो.

काकांनी शर्ट उलगडून टेबलावर पसरला. बुधवारी ते जे पुटपुटले होते, ते मला गुरुवारी रात्री कळलं होतं आणि मी झोपेतून जागा होऊन त्यांना हाक मारली होती.

"चाळीस वर्षं कापड हाताळतोय, साहेब," काका म्हणाले. "तांबडा रंग सगळीकडे आहे. फक्त इथे खांद्यावर दोन पट्टे कोरे, कमरेला एक कोरा. काठ बघा, आखल्यासारखे. रंग सांडला तेव्हा इथे वर काहीतरी घट्ट बांधलेलं होतं."

"रंगाचा डबा माझ्याबरोबर पडला," मी म्हणालो. "कंपनीच्याच अहवालात लिहिलंय, पान दोन. रंग त्याच क्षणी सांडला. पट्टा नव्हता, तर शर्ट कोरा कुणी ठेवला?"

साहेबांनी काठावरून बोट फिरवलं. पान दोन उघडलं. वाचलं.

कंपनीच्या वकिलाने रुमाल खाली घेतला. "घातला असेल. पण आकडा तुळईला अडकवला नव्हता. नुसता घालून काय उपयोग? निष्काळजीपणा तोच."

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते एका माणसाच्या खोलीवर पडलेलं होतं. वकीलबाई कागद चाळल्यासारखं करत होत्या. बायको फाटकाकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती.

मग तीच म्हणाली, "आला."

मेहुणा धावत आला नाही. चालत आला, पट्टा उघडा, दोन हातांवर धरून. टेबलावर शर्टाशेजारी ठेवला.

"मी मंगळवारी यांच्या घरातून चोरला," तो साहेबांना म्हणाला. "नोकरीसाठी. कंपनीच्या माणसाने सांगितलं होतं. पत्र आज सकाळी दिलं." त्याने खिशातून पत्राचं पाकीट काढून पट्ट्यावर ठेवलं. "हे पण ठेवा."

टायपिस्टची बोटं थांबली. साहेब म्हणाले, "लिहा."

शिंपीकाकांनी शर्टाचा कापलेला खांदा आणि पट्ट्याचा कापलेला खांदा एकमेकांवर ठेवला. दवाखान्यातली कात्री एकदाच चालली होती. दोन्ही काप एका रेषेत आले. पट्ट्यावर तांबडा रंग होता, बरोबर तिथे जिथे शर्ट कोरा होता.

"आता दोरी बघा, साहेब," मी म्हणालो. "टोक कापलेलं नाही, तुटलेलं आहे. ठिणग्यांनी जळून काळं पडलेलं. लेबलवरची तारीख वाचा, अकरा वर्षांपूर्वीची. आणि आकडा शोधा."

त्यांनी पट्टा उलटापालटा केला. "आकडा नाही."

"मी अडकवला नसता तर तो दोरीला असता, आणि माझ्याबरोबर खाली आला असता. तो आला नाही, कारण तो वर तुळईला धरून बसला होता. आकड्याने त्याचं काम केलं, मी माझं केलं. काम केलं नाही ते दोरीने, आणि दोरी माझी नव्हती."

जिन्यावर लोक थांबून ऐकत होते. कंपनीच्या वकिलाने मुदत मागितली, तडजोडीची भाषा केली. रक्कम आधीपेक्षा दुप्पट सांगितली. वकीलबाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"नको," मी म्हणालो. "कायद्यात आहे तेवढं पाहिजे. एक पै जास्त नको, आणि कमी तर नकोच."

साहेबांनी पट्टा, शर्ट आणि पाकीट सील करायला सांगितलं. पुढची तारीख दिली. टायपिस्टने विचारलं, "ठिकाण, दुसरा मजला?"

साहेबांनी माझ्या चाकांकडे पाहिलं. "जिन्याखाली," ते म्हणाले. "लिफ्ट होईपर्यंत सगळ्यांचंच."

घरी गाडीतून उतरायचं होतं. सकाळी ड्रायव्हर आणि शिंपीकाकांनी मिळून कसंबसं चढवलं होतं. आता मेहुणा खुर्ची उघडून दारापाशी आणून थांबला. ब्रेक लावले. हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. मी हो म्हणेन की नाही, त्याला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

"आधी चेन उघड," मी म्हणालो. "आत हात घाल. चारही कोपरे बघ. मग बसव."

त्याने कोपरापर्यंत हात घातला आणि बघायला बराच वेळ लावला.